तर्रीतली झेलम

दिवाकर, तू गेलास त्या दिवशी नागपुरात बेसाच्या तुझ्या घरी आलेला प्रत्येक माणूस मला एकच गोष्ट सांगून गेला. "सर फार शांत होते हो." शेजारी, शाळेतले जुने सहकारी, तुझे आता टक्कल पडलेले विद्यार्थी, सगळ्यांचं हेच. मी अंगणातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून मान हलवत होतो आणि मनात म्हणत होतो, शांत? मग इतकी वर्षं रोज सकाळी पोह्याच्या टपरीवर माझ्याशी भांडायला यायचा तो माणूस कोण होता? त्याचाही कोणी शोध घ्या. तोही त्याच दिवसापासून दिसत नाही.

मला तुझा खरंच राग आला होता. दुपारी जेवलास, आडवा झालास आणि उठलाच नाहीस. वहिनी चहा घेऊन आल्या तेव्हा सगळं झालेलं होतं. माणसानं असं जाऊ नये असं नाही, नशीबवानाचं मरण म्हणतात ते हेच. पण त्याच सकाळी आपला वाद ऐन रंगात आला असताना तू हात धुऊन उठलास आणि म्हणालास, "बाकीचं उद्या सांगतो, पैलवान." लढत तोंडावर आलेली, पोरगी तुझी, बेत तुझा आणि बाकीचं उद्या!

आपली जोडी लोकांना विचित्रच वाटायची. मी हुडकेश्वरला पत्र्याच्या शेडमध्ये पोरापोरींना बॉक्सिंग शिकवणारा. माझ्या गळ्यात शिट्टी आणि स्टॉपवॉच, तोंडात कायम शिव्या. तू इतिहासाचा मास्तर, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. तुझ्या लेकीला, प्रज्ञाला घेऊन पहिल्यांदा आलास तेव्हा तू मला बॉक्सिंगबद्दल एक अक्षर विचारलं नाहीस. फक्त म्हणालास, "पोरीचं नाक सरळ आहे. सरळच राहिलं पाहिजे." मी म्हटलं, तशी हमी मी माझ्या नाकाचीही देऊ शकलो नाही. तू माझं नाक नीट पाहिलंस आणि काळजीत पडलास. नाकावर लक्ष ठेवायला म्हणून तू रोज येऊन बसू लागलास. नाक पुढे दोनदा मोडलं, पण तोवर तू कसला उठतोस!

पहिले काही महिने तू गप्पच होतास. मग एका संध्याकाळी प्रज्ञा सरावात दोरापर्यंत मागे सरकत गेली. समोरची मुलगी जोशात आत शिरली आणि प्रज्ञानं तिला दोन्ही बाजूंनी असं झोडपलं की मीच ओरडून थांबवलं. तू खुर्चीवरून उठून उभा राहिलास आणि मोठ्यानं म्हणालास, "अरे, हे तर कॅनी आहे!"

मी विचारलं, "कोण ही कॅनी? कोणत्या वजनगटात खेळते?"

त्या दिवशी तू मला टपरीवर नेलंस आणि माझ्या आयुष्याची वाट लागली. तर्रीपोह्याची प्लेट पुढ्यात घेऊन तू चमच्यानं तर्रीच्या झणझणीत रश्श्यातले चणे वेचून काढलेस आणि पोह्यांवर दोन रांगांत मांडलेस. कॅनीची लढाई. हे रोमचं सैन्य, भरगच्च, ताठ. हे कार्थेजचं, मधे मुद्दाम पातळ ठेवलेलं. रोमवाले मधे घुसले, कार्थेजवाले मागे मागे सरकले, रोमवाल्यांना वाटलं जिंकलो आणि तेवढ्यात दोन्ही बाजूंनी विळखा पडला. "समजलं का तुले? मागं जाणं म्हणजे हारणं नाही. मागं जाऊन त्याले आत घेणं आहे." एवढं सांगून तू रोमचं सगळं सैन्य खाऊन टाकलंस. माझ्या प्लेटमधलेही चणे घेतले होतेस, हे मी विसरलेलो नाही.

तेव्हापासून टपरीवाला तुला न विचारताच चणे जास्त घालायला लागला. मला नाही.

मी तुला सोडला नाही हेही खरं. मी म्हणायचो, दिवाकर, तुझं हे उंटावरून शेळ्या हाकणं आहे. तुझे सेनापती टेकडीवर उभे राहून हुकूम सोडतात आणि मरतो तो शिपाई. माझ्या रिंगमध्ये सेनापती आणि शिपाई एकच असतो. मार खाता खाता त्यानंच बेत आखायचा आणि बेत आखता आखता त्यानंच मार खायचा. आणि दुसरं, रणांगणाला दोर नसतो. तुझं सैन्य हरलं तर पळून जाईल, डोंगरात लपेल, पावसाळ्यानंतर परत येईल. माझ्या पोरीला मागे दोर, पुढे ठोसा आणि वर पंच बसलेत कागद घेऊन. यावर तू चष्मा पुसायचास. तू चष्मा पुसायला घेतलास की मी समजायचो, आता किमान दोन हजार वर्षं मागे जावं लागणार.

तुझी सुरुवातच मुळी तशी होती. "आधी पार्श्वभूमी समजून घे." हे वाक्य आलं रे आलं की माझा हात गळ्यातल्या स्टॉपवॉचकडे जायचा. मी बटण दाबायचो आणि सांगायचो, एक मिनिट. बॉक्सिंगमध्ये दोन फेऱ्यांच्या मधे तेवढंच मिळतं. तुला ते कधीच जमलं नाही. एका मिनिटात तुझं सैन्य राजधानीच्या वेशीबाहेरही पडायचं नाही.

आणि तरी मी तुला रायपूरला कॉर्नरमध्ये उभं केलं! प्रज्ञाची व्यावसायिक झाल्यानंतरची दुसरी लढत होती, माझा मदतनीस तापानं फणफणला होता, म्हणून पाण्याची बाटली आणि स्टूल तुझ्या हाती दिलं. तुला बजावलं होतं, तोंडातून शब्द काढायचा नाही. तिसऱ्या फेरीनंतर मी तिच्या भुवईचं रक्त थांबवत होतो, तेवढ्यात तू तिच्यासमोर वाकलास. "प्रज्ञा, आधी पार्श्वभूमी समजून घे. कार्थेजहून निघालेलं सैन्य आल्प्स पर्वत ओलांडून…" घंटा वाजली तेव्हा सैन्य आल्प्सच्या माथ्यावर होतं, बर्फ पडत होतं, हत्ती घसरत होते आणि पोरगी तहानलेलीच होती. पाण्याची बाटली तू छातीशी धरून ठेवली होतीस. स्टूलही रिंगमध्येच राहिलं. पंच ओरडला तेव्हा ते उचलायला तू आत गेलास आणि बाहेर यायला तुला दोरांमधून वाट सापडेना.

ती लढत आपण हरलो. परतीच्या गाडीत गोंदिया येईपर्यंत कोणी कोणाशी बोललं नाही. मग तू खिडकीबाहेर बघत गंभीरपणे म्हणालास, "आल्प्स थोडक्यात आटोपायला पाहिजे होता." प्रज्ञा इतकी हसली की भुवईचा टाका दुखायला लागला. मी हसलो नाही. मी शौचालयात जाऊन हसलो.

पण एक गोष्ट आज बोलूनच टाकतो, कारण तू असताना बोललो असतो तर तू डोक्यावर बसला असतास. तू एकदा म्हणाला होतास की सैन्यं तलवारीनं कमी हरतात आणि उपासमारीनं जास्त, आणि बॉक्सरची रसद म्हणजे त्याचे पाय आणि श्वास. तेव्हा मी "बोलाचीच कढी" म्हणून उडवून लावलं. दुसऱ्या दिवसापासून मात्र सगळ्या पोरांच्या दोरीवरच्या उड्या दुप्पट केल्या. माझी पोरं शेवटच्या फेरीतही ताजी दिसतात असं लोक म्हणतात, ते तुझ्यामुळे. थँक्यू, दिवाकर. बघ, एवढंच होतं. एका वाक्यात बसलं.

आता येऊ अर्धवट राहिलेल्या वादाकडे.

लढत आपल्याच नागपुरात होती, सहा फेऱ्यांची, आणि समोर तीच रायपूरची मुलगी जिच्याकडून आपण हरलो होतो. प्रज्ञा त्यानंतरही एक हरली होती. हा धंदा तुला माहीत आहे. लागोपाठ हरणाऱ्याला पुढची लढत कोणी देत नाही. ही गेली असती तर तिचं व्यावसायिक बॉक्सिंग तिथंच संपलं असतं, आणि हे तिला, तुला, मला तिघांनाही ठाऊक होतं. म्हणून मी साधा बेत आखला होता. लांबून जॅबचे सरळ ठोसे, दोन पावलं बाजूला, गुण गोळा करायचे, घरी यायचं. आणि तू त्या शेवटच्या सकाळी पोह्यांमधून तर्रीची नदी काढलीस आणि म्हणालास, "झेलम."

नदीच्या पलीकडे लिंबाची फोड ठेवलीस. ते आपल्या राजाचे हत्ती. अलीकडे चणे, ते ग्रीक. नदीला पूर, उतरायची सोय नाही. तर ग्रीकांचा राजा काय करायचा, रात्री घोडेस्वार घेऊन काठानं आरडाओरडा करत वर जायचा, खाली यायचा. पलीकडचे हत्ती घाईघाईनं त्याच्या समोर यायचे. आज आला, आज आला. तो यायचाच नाही. असं इतक्या वेळा झालं की पलीकडचे कंटाळले, हत्ती हलेनासे झाले. आणि मग एका रात्री तो खरंच आला, वरच्या अंगानं.

"डावा हात तिच्या पोटाकडं दाखवायचा," तू म्हणालास. "मारायचा नाही. नुसता दाखवायचा. ती कोपर खाली घेईन. पुन्हा दाखवायचा, पुन्हा घेईन. एक टाइम असा येईन का ती कोपर हलवणार नाही. मंग मारायचा."

"अन् तोपर्यंत?" मी म्हटलं. "दाखवल्याचे गुण भेटतात का बे? तीन राउंड फुकट जातीन."

"जाऊ दे ना गा."

"जाऊ दे? सहातले तीन? ते काय तुझ्या बापाचे राउंड आहेत?"

"माझ्या पोरीचे आहेत."

"रिंगमधी पोरगी माझी आहे."

तू चष्मा काढलास, पुसलास. "पैलवान, तू काहून घाई करून राहिला? त्या ग्रीकाले काही घाई होती का?" आणि मग हात धुतलेस आणि बाकीचं उद्यावर टाकून स्कूटर सुरू केलीस.

तुझ्या स्मरणार्थ पुण्यानुमोदन झालं त्या दिवशी घरात कुजबुज सुरू होती की लढत रद्द करा, पोरगी काय मनानं लढणार. मलाही तसंच वाटत होतं. प्रज्ञा एका कोपऱ्यात पाहुण्यांच्या चपला नीट लावत बसली होती. तू गेल्यापासून ती रडली नव्हती, हसली नव्हती, सरावाला मात्र रोज वेळेवर येत होती. मला त्याचीच जास्त भीती वाटत होती. शेवटी वहिनीच बाहेर आल्या आणि सगळ्यांसमोर मला म्हणाल्या, "भाऊजी, तिले लढू द्या. जेवताना भात वाढला का हे त्यात बोटानं नदी काढत होते. वरण त्याच नदीत सोडा म्हणत होते. इतकं सगळं करून आता काय घरी बसून राहाले सांगता तिले?" वहिनींचे डोळे सुजलेले होते आणि आवाज खणखणीत होता. मी हो म्हटलं.

मात्र बेत माझाच ठेवला. जॅब, दोन पावलं. प्रज्ञा "हो काका" म्हणाली. तुझीच पोर ती. तूही सगळ्याला आधी हो म्हणायचास.

पहिली घंटा झाली आणि ती रिंगच्या मधे गेली, डावा खांदा खाली घेतला, हात पोटाकडे दाखवला आणि परत घेतला. समोरचीनं झटकन कोपर खाली घेतलं. पुन्हा दाखवला. पुन्हा. मी ओरडलो, "काहून हात दाखवून राहिली वं? मार ना!" तिनं ऐकलं नाही. समोरची दोन ठोसे घालायची, ही एक हुलकावणी द्यायची. पहिली फेरी गेली. कॉर्नरमध्ये मी तिला नाही नाही ते बोललो. ती पाणी प्यायली, मान डोलावली, गेली, आणि पुन्हा तेच. दुसरी गेली. माझ्या मागे बसलेला एक शहाणा म्हणाला, "बाप गेला ना हिचा, ध्यान नाही पोरीचं." मी त्याच्याकडे असं वळून पाहिलं की तो जागा बदलून बसला.

तिसऱ्या फेरीच्या मध्यात कुठंतरी माझ्या लक्षात आलं की मी तिच्याकडे बघतच नाही. मी समोरचीच्या कोपराकडे बघतोय. आधी ते झटकन यायचं. मग अर्धवट. मग नुसतं थरथरायचं. फेरी संपायच्या आत एकदा प्रज्ञानं हात दाखवला आणि ते कोपर हललंच नाही.

कबूल करतो, दिवाकर. इतकी वर्षं मी हुलकावणी शिकवतोय. एकदा खोटं, दुसऱ्यांदा खरं, अशीच शिकवली. सगळं सैन्य फक्त खोटं बोलण्यासाठी पुराच्या नदीकाठी उभं ठेवायचा धीर माझ्यात कधीच नव्हता.

ती येऊन स्टुलावर बसली. तिन्ही फेऱ्या गेलेल्या. माझ्याकडे एक मिनिट. अजूनही तिला थांबवता आलं असतं. सांगता आलं असतं, पोरी, बास झालं, आता माझं ऐक, जॅब मार, हरायचं असेल तर अब्रूनं हरू. तिनं दातांवरची गमशील्ड काढून माझ्या हातात दिली आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं. आणि माझ्या तोंडून काय निघावं?

"प्रज्ञा, आधी पार्श्वभूमी समजून घे."

ती बघतच राहिली. मग हसायला लागली. खांदे गदगदा हलत होते, नाकातून रक्त येत होतं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. मीही हसत होतो, मीही रडत होतो, आणि रिंगचा पंच आम्हा दोघांकडे डोळे फाडून पाहत होता. मी टॉवेलनं तिचं तोंड पुसलं, मग त्याच टॉवेलनं माझं. पाणी पाजलं. हो, पाजलं, तुझ्यासारखं विसरलो नाही. घंटेला थोडाच वेळ उरला होता. मी तिच्या कानाशी गेलो.

"हत्ती झोपले, पोरी. उतर."

चौथ्या फेरीत तिनं डावा हात दाखवला. कोपर हललं नाही. तिनं पुन्हा दाखवला आणि या वेळी तो परत घेतला नाही.

आवाज तुझ्या बेसापर्यंत आला असेल. समोरची वाकली, मागे गेली, दोरावर आदळली आणि दोरालाच लटकून राहिली. दोर नसता तर ती पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांमध्ये गेली असती. दोरानं तोलून धरलेला बॉक्सर नियमानं पडल्यातच जमा, त्याचा एक गुण जातो. आता पंचानं मोजायला हवं होतं की नाही? मी गळा फाडून ओरडलो, "मोज!" त्यानं मोजलं नाही. ती सावरली. पण तिथून पुढे नदी ओलांडलेली होती. चौथी आपली, पाचवी आपली, सहावीत तर प्रज्ञानं तिला श्वास घेऊ दिला नाही. पायांची रसद शाबूत होती ना!

आणि निकाल काय लागला सांगू? बरोबरी.

तीन तुझ्या पायी गेल्या, तीन तुझ्या पायी आल्या. जिंकली असती तर तू बरोबर ठरला असतास, हरली असती तर मी. आता हा वाद तोडायचा कोणी? मी तुला सांगतो, तीन फेऱ्या फुकट दिल्या नसत्यास तर आपण आरामात जिंकलो असतो. तू म्हणशील, पंचानं मोजलं असतं तर आपणच जिंकलो होतो. मी म्हणेन, बघ, शेवटी दोर आला की नाही मधे, रणांगणाला दोर नसतो. यावर तू चष्मा पुसशील. घरी परत येईपर्यंत मी मनातल्या मनात दोन्ही बाजूंनी भांडलो आणि दोन्ही बाजूंनी हरलो. तुझी बाजू लढवणं फार अवघड आहे रे. तुझ्यासारखा शांतपणे हट्ट करायला मला येत नाही.

पण खरी गंमत पुढेच आहे. लोकांना ती लढत इतकी आवडली की पुन्हा लावायचं ठरलंय. रायपूरला, तिच्या घरी. म्हणजे पोरगी संपली नाही, दिवाकर. पोरगी आहे.

काल सकाळी मी टपरीवर गेलो. तू गेल्यापासून पहिल्यांदाच. प्रज्ञा आधीच येऊन बसली होती. भुवई सुजलेली, नाकावर पट्टी. नाक आता थोडं डावीकडे झुकलंय, मला माफ कर. टपरीवाल्यानं दोन प्लेट आणून ठेवल्या आणि काही न बोलता तिच्या प्लेटमध्ये चणे जास्त घातले. मला याही वेळी नाही.

मी म्हटलं, "रायपूरले पण झेलमच का?"

"नाही काका," ती म्हणाली. "झेलम आता तिले माहीत झाली. हत्ती दुसऱ्यांदा झोपत नाहीत." तिनं चमच्यानं एकेक चणा उचलून पोह्यांवर मांडायला सुरुवात केली. उजवीकडे तुरळक, डावीकडे रांगेमागे रांग. माझ्या प्लेटमधलेही घेतले. "ल्यूक्ट्रा."

"आता हे कोणतं गाव?"

तिनं चमचा खाली ठेवला, सुजलेल्या डोळ्यानं माझ्याकडे पाहिलं आणि अगदी शांतपणे म्हणाली, "आधी पार्श्वभूमी समजून घ्या."

माझा हात आपोआप गळ्याकडे गेला. मी स्टॉपवॉच काढलं आणि टेबलावर पालथं ठेवलं.

"सांग," म्हटलं. "सगळी सांग."